प्रकृती, पचन आणि नवतपा : वाचकांचे प्रश्न, वैद्यांची उत्तरं

नागपुरात नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत लोक सांधे आणि खोकला विचारतात. मे महिन्यात काढा, सत्तू, माठातलं पाणी आणि ‘पोट बिघडलंय’. या वेळच्या बहुतेक पत्रांत ‘अमक्यावर कोणतं औषध’ असा प्रश्न आहे, पण भूक कशी लागते, हे फारच थोड्यांनी लिहिलंय. वैद्य तेच पहिलं विचारतो. म्हणून उत्तरांत ती विचारपूस पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : मोबाइलवर तीस प्रश्नांची चाचणी दिली. निकाल आला ‘वात-पित्त प्रकृती’. सोबत वर्ज्य पदार्थांची यादी : बटाटा, वांगं, तुरीची डाळ, हरभरा, टोमॅटो, लोणचं. वरण आणि भरीत सोडलं तर आमच्या घरी जेवायचं काय? त्रास म्हणाल तर महिनाभर पोट जड राहतं, सकाळी जिभेवर पांढरा थर असतो, भूक अशी लागतच नाही. यादी पाळावी का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : यादी तूर्त बाजूला ठेवा. जडपणा, जिभेवरचा थर, मेलेली भूक ही लक्षणं ना वाताची, ना पित्ताची. ती मंद झालेल्या अग्नीची (पचनशक्तीची) आणि आमाची (अर्धवट पचलेल्या अन्नाची) आहेत. दोषांच्या भाषेत बोलायचं तर कफाकडे झुकणारी. चाचणीने तुमची प्रकृती बरोबर सांगितलीही असेल. पण प्रकृती म्हणजे आजार नव्हे.

प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि पुढे बदलत नाही, असं ग्रंथ मानतात. वात, पित्त, कफ या एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही सारखे असलेली एक, अशा सात. आज शरीरात जे बिघडलंय ती विकृती. वात प्रकृतीच्या माणसालाही कफाचा खोकला होतो आणि तेव्हा उपचार कफावरच करायचे असतात. प्रकृतीवरून कळतं ते इतकंच, की कोणता दोष तुमच्यात चटकन उसळतो आणि औषधाची मात्रा किती सोसेल. मोबाइलच्या चाचणीची गोची अशी की ‘झोप कशी लागते?’ या प्रश्नाला आपण गेल्या आठवड्यातली झोप सांगतो. मग विकृतीच प्रकृती म्हणून छापून येते.

दोष ओळखायचा गुणांवरून. वात कोरडा, हलका, थंड, खरखरीत, चंचल. पित्त उष्ण, तीक्ष्ण, द्रव, थोडं स्निग्ध. कफ स्निग्ध, थंड, जड, मंद, स्थिर. आणि चरकाने ‘चरकसंहिते’च्या पहिल्याच अध्यायात मांडलेला नियम सगळ्या उपचारांच्या मुळाशी आहे : सारख्याने सारखं वाढतं, विरुद्धाने घटतं. तुमच्या पोटात जडपणा आहे, तेव्हा हवं ते हलकं आणि किंचित उष्ण. नुसतं ‘वातशामक’ म्हणून तूप-तेल वाढवलंत तर जडपणात जडपणाची भर पडेल. यादी आंधळेपणाने पाळणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

आता अग्नी. जाठराग्नीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. सम : वेळेवर भूक, वेळेवर पचन. विषम : कधी पचतं, कधी गॅस धरतो, हा वाताचा. तीक्ष्ण : खाल्लं की लगेच पुन्हा भूक, घशाशी जळजळ, हा पित्ताचा. मंद : थोडं खाल्लं तरी दुपारपर्यंत पोटात दगड, हा कफाचा. तुमचा चौथा. अग्नी मंद असताना खाल्लेलं अर्धकच्चं राहतं, त्याला आम म्हणतात. तुमच्या जिभेवरचा थर ही त्याची सगळ्यात सोपी खूण.

तीन दिवस असं करून पाहा. सकाळचा नाश्ता भूक लागली तरच. दुपारी मुगाच्या डाळीचं पातळ वरण, जुन्या तांदळाचा भात किंवा ज्वारीची भाकरी, दुधी-पडवळासारखी भाजी. तर्री, तळण आणि मैदा नको. जेवणाआधी आल्याच्या दोन पातळ चकत्या सैंधव लावून चावा. छातीत जळजळ होत असेल किंवा तोंड आलेलं असेल तर आलं सोडा, त्याऐवजी जेवणासोबत भाजलेल्या जिऱ्याचं पातळ ताक घ्या. रात्री आठच्या आत फक्त पेज : एक भाग तांदूळ, चौदा भाग पाणी, मऊ शिजवून किंचित सुंठ आणि सैंधव.

पुढचं जेवण केव्हा, याचं उत्तर घड्याळात नाही. ढेकर आली तर तिला आधीच्या जेवणाचा वास-चव नसावी, अंग हलकं वाटावं, लघवी-शौच साफ झालेली असावी, भूक आणि तहान दोन्ही लागावी. यातलं काहीच नसताना ‘एक वाजला’ म्हणून ताटावर बसणं हेच महिनाभराच्या त्रासाचं कारण असू शकतं. किती खायचं त्याचं ‘अष्टांगहृदय’कार वाग्भटाचं माप आजही सोयीचं आहे : पोटाचे चार भाग धरा, दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थाला, एक रिकामा.

तुरीचं वरण सोडू नका. पातळ करा, हिंग-जिऱ्याची फोडणी द्या, दुपारीच घ्या. आणि भरिताबद्दल एक गंमत. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं हलकं, अग्नी वाढवणारं, कफ-मेद-वात आणि आम कमी करणारं आणि किंचित पित्तकर, असं भावप्रकाश या जुन्या ग्रंथात म्हटलंय. आणि लगेच पुढे, तेच वांगं तेल-मीठ घातलं की जड आणि स्निग्ध होतं. म्हणजे वांगं वाईट की चांगलं, हा प्रश्नच चुकीचा. आपल्याकडे भरितावर कच्च्या तेलाची धार सोडतात ती एका चमच्यावर थांबवली, वांगं गॅसऐवजी निखाऱ्यावर किंवा तुऱ्हाट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलं, सांबार (पुण्या-मुंबईकडच्यांची कोथिंबीर) भरपूर घातला, तर ते तुम्हाला महिनाभरानंतर चालेल. आज मात्र थांबा.

पंधरा दिवसांत भूक सुधारली नाही, वजन उतरत असेल, शौचावाटे रक्त किंवा काळा मळ पडत असेल, गिळताना अडत असेल, तर पथ्य करत बसू नका. तपासण्या करून घ्या.

प्रश्न : प्रतिकारशक्तीसाठी वर्षभर रोज सकाळी काढा घेतो : सुंठ, मिरे, लवंग, दालचिनी, तुळस. पंधरा दिवसांपासून तोंड आलंय, लघवीला जळजळ आहे. नैसर्गिक वस्तूंनी असं होतं का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : होतं. लवंग सोडली तर बाकी चारही वस्तू उष्ण, त्यातल्या बहुतेक चांगल्याच तीक्ष्ण. पारा 45 अंशांपुढे गेलेल्या गावात, शरीरातला ओलावा आधीच आटलेला असताना, रोज उष्ण-तीक्ष्ण पोटात जातंय. मघाचाच नियम : सारख्याने सारखं वाढलं. हाच काढा जानेवारीत खोकल्यावर चार दिवस घेतला तर उपयोगी. ऋतू बदलला की औषधाचं अपथ्य होतं. आजपासून बंद करा. लघवीची जळजळ तीन दिवसांत थांबली नाही किंवा ताप आला तर लघवी तपासा, ती उष्णता नसून जंतुसंसर्ग असू शकतो.

काढा करायची पद्धतही बहुतेक घरांत चुकते, म्हणून सविस्तर. औषध भरड हवं, पीठ नको. पिठाचा गाळ तळाशी बसतो, करपतो आणि काढा गाळला जात नाही. 10 ग्रॅम भरड 160 मिली पाण्यात तासभर भिजवा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. हिरडा-आवळ्यासारख्या तुरट वस्तू लोखंडी भांड्यात काळ्या पडतात आणि ॲल्युमिनियमवर आंबट-तुरट काही उकळूच नये. मंद आच, झाकण नाही, आटवत चौथा हिस्सा म्हणजे 40 मिली उरवायचं. ही एका वेळची मात्रा. 40 मिली उरलं हे कळायचं कसं? आधी रिकाम्या भांड्यात 40 मिली पाणी ओता, बांबूची स्वच्छ कामटी उभी बुडवा, ओल जिथवर आली तिथे खूण करा. मग तेच पाणी धरून एकूण 160 मिली करा. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत पाणी उडतं पण औषध पाण्यात उतरत नाही; रंग गडद दिसतो म्हणून लोक फसतात. काढा त्याच दिवशी प्यायचा. सकाळचा उरलेला संध्याकाळी गरम करून घेणं उन्हाळ्यात तर अजिबात नको, आंबतो.

लवंग, दालचिनी, तुळस यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. त्या उकळायच्याच नसतात. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं, दहा मिनिटांनी गाळायचं. याला फांट म्हणतात. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला म्हणजे काढा जमला असं आपण समजतो. खरं तर औषध हवेत गेलं.

तापात तहान आणि दाह असेल तर जुना उपाय षडंगोदक : नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा, सुंठ, सहाही समभाग. हा काढ्यासारखा दाट नसतो. भरड एक भाग, पाणी 64 भाग, अर्धं उरवायचं. घरच्या मापात 12 ग्रॅम भरडीला पाऊण लिटरपेक्षा घोटभर जास्त पाणी. गार झालं की दिवसभर थोडं थोडं. हे पाण्याऐवजी प्यायचं पाणी आहे, तापाच्या कारणावरचा इलाज नाही. उन्हाळ्यानंतर लगेच डेंगी-मलेरियाचे दिवस येतात. दोन दिवसांपेक्षा जास्त ताप असेल तर रक्त तपासा.

प्रश्न : सासूबाई धण्याचं पाणी, सत्तू, पन्हं, माठात वाळा, खिशात कांदा असं सगळं करायला लावतात. मुलगा म्हणतो उठल्याबरोबर दीड लिटर पाणी पी, बाकी सगळं थोतांड. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : सासूबाईंचं बरंचसं, मुलाचं थोडं. खिशातल्या कांद्याला मात्र आधार नाही. कांदा ताटात असू द्या.

शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाळ. सूर्य शरीराचा स्निग्धपणा आणि बळ ओढून घेतो, म्हणून ग्रीष्माच्या शेवटी बळ सर्वांत कमी असतं. याच काळात वात गुपचूप साठतो आणि पावसाळ्यात उसळतो. मेमध्ये कोरडं-तिखट खाऊन काढलं की जुलैत गुडघे आणि गॅस बोलायला लागतात ते त्यामुळे. म्हणून आता हवं ते गोड, हलकं, किंचित स्निग्ध, थंड, पातळ. खारट, आंबट, तिखट आणि भर उन्हातला व्यायाम कमी. दुपारची झोप एरवी कफ-पित्त वाढवते, पण ग्रीष्मात तिला ग्रंथांनीच परवानगी दिली आहे. नागपूरकर ती परवानगी बाराही महिने वापरतात, ते वेगळं.

धण्याचं पाणी म्हणजे धान्यक हिम. ‘शारंगधर संहिता’ लिहिणाऱ्या शारंगधराने आतला दाह आणि तहान यांवर ते सकाळी साखर घालून प्यायला सांगितलंय. कृती : 20 ग्रॅम धने निवडून, खलात फक्त दोन फाकळ्या होतील इतके कुटा. 120 मिली गार पाण्यात, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकून रात्रभर ठेवा. सकाळी हाताने कुस्करून गाळा, चमचाभर खडीसाखरेची पूड घालून उपाशीपोटी प्या. हिम उकळत नाहीत. उकळला की तो काढा. बिघडतं ते तीन ठिकाणी. पाकिटातली धनेपूड वापरली तर पाणी गढूळ आणि कडसर होतं. धने जुने, बिनवासाचे असतील तर साखरपाणीच उरतं. आणि सकाळचं पाणी दुपारी चारपर्यंत ओट्यावर राहिलं तर आंबतं. मधुमेह असेल तर साखर वगळा.

सत्तू : भाजलेले गहू दोन वाट्या, फुटाण्याची डाळ एक वाटी, दोन्ही दळून. पेलाभर पाण्यात तीन चमचे, गूळ किंवा साखर आणि अर्धा चमचा तूप. पातळ सत्तू हलका, घट्ट गोळा जड, हा फरक चरकाच्या काळापासून माहीत आहे. जेवणावर, रात्री आणि भरमसाट सत्तू खाऊ नये, हेही. जेवल्यावर ‘थंड असतो’ म्हणून वाटीभर सत्तू घेणाऱ्यांना दुपारभर पोट फुगल्याची तक्रार असते, यात नवल नाही.

पन्ह्यात कैरी आंबट, म्हणजे पित्त वाढवणारी. पण भाजून किंवा उकडून, दुप्पट गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घातलं की तिचा आंबट तीक्ष्णपणा मवाळ होतो आणि घामातून गेलेलं मीठ भरून निघतं. माठातल्या वाळ्याची जुडी रोज नको बदलायला. मुळं आधी माती जाईपर्यंत धुवा, तीन-चार दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवा, पुन्हा वापरा. बुळबुळीत लागली की फेका. कूलरच्या ताट्यांतला वाळा माठात टाकायचा नाही, त्यावर काय फवारलंय कोणास ठाऊक.

दीड लिटरचं म्हणाल तर वाग्भटाने निरोगी माणसालाही पाणी बेताने प्यायला सांगितलंय, आणि त्यातून दोनच ऋतू वगळलेत : शरद आणि ग्रीष्म. सध्या भरपूर प्या. पण एका दमात दीड लिटर ओतलं तर सकाळची भूक विझते. पेला-पेला करून दिवसभर प्या, जेवताना मध्ये थोडं थोडं.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, चालताना झोक जातोय, झटके येताहेत, तर तो उष्माघात. धण्याचं पाणी, पायाला कांदा चोळणं यात वेळ घालवू नका. 108 ला फोन, सावली, कपडे सैल, अंगभर पाणी आणि जोरात वारा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका.

प्रश्न : इतवारी बाजारातून सुटे जिन्नस आणून त्रिफळा घरी करायचा आहे. प्रमाण आणि मात्रा सांगा. रोज कायम घेतला तर चालेल का?
— एक वाचक, महाल

उत्तर : हिरडा, बेहडा, आवळा, तिन्हींचं फक्त टरफल-गर, समभाग वजनाने. सगळ्यात मोठी चूक इथेच होते : लोक अख्खी फळं समभाग तोलतात. हिरडा-बेहड्याच्या वजनात बी बरीच असते, त्यामुळे चूर्णात आवळाच जास्त होतो. आधी फोडा, बिया काढा, मग तोला. बेहड्याची बी कठीण असते. आतला मगज मादक मानला आहे, तो चूर्णात जाऊ देऊ नका. हिरडा घेताना भरीव, वजनदार, पाण्यात टाकल्यावर बुडणारा घ्या. तरंगणारा म्हणजे आतून पोखरलेला. आवळकाठी काळी ठिक्कर असेल तर जुनी. फिकट तपकिरी हवी. मीठ लावून वाळवलेला आवळा चालत नाही, चाखून घ्या.

100-100 ग्रॅम टरफल दोन दिवस सावलीत वाळवा, खलबत्त्यात ओबडधोबड कुटा, मग मिक्सरमध्ये दहा-दहा सेकंद थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि चूर्ण चिकटतं. तिन्ही वेगवेगळे दळा, वस्त्रगाळ करा, पुन्हा तोलून समभाग एकत्र करा. एकत्र दळले तर आवळा आधी बारीक होतो आणि हिरड्याचे तुकडे चाळणीवर राहतात. फेकले की प्रमाण पुन्हा बिघडलं.

चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होतं, असं शारंगधर म्हणतो. म्हणून 300 ग्रॅमही एका माणसाला जास्त. पावसाळ्यात तर गुठळ्या होऊन बुरशी धरते. काचेची कोरडी बरणी, कोरडा चमचा.

मात्रा 3 ग्रॅमपासून, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर. दोन-तीन दिवसांत पातळ शौच झाली तर निम्मं करा. गरोदरपणात, जुलाब चालू असताना, उन्हाने अंग सुकलेलं असताना नको. लोहाची गोळी चालू असेल तर त्रिफळा आणि गोळीत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. तुरट द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. कायम घ्यायचा तर वैद्याला नाडी-पोट दाखवून. केवळ पोट साफ व्हावं म्हणून वर्षानुवर्षं रेचक घेणाऱ्याचा आजार बहुधा पोटात नसतो. रात्री साडेदहाचं जेवण, कमी पाणी आणि सकाळी आलेली हाजत ऑफिसच्या बसपायी दाबणं, यांत असतो. मलमूत्राचे वेग अडवणं हे रोगांचं मोठं कारण मानलं आहे, चूर्ण त्याची भरपाई करत नाही.

थोडक्यात विचारलेलं, थोडक्यात

रात्री दही? नको. शिवाय शरद, ग्रीष्म आणि वसंतात रोजचं दही नको. ‘दही थंड’ हा समज हाताला गार लागतं म्हणून. ते उष्ण आणि जड आहे. त्याचं चौपट पाणी घालून घुसळलेलं, लोणी काढलेलं ताक ही वेगळीच वस्तू.

गरम पाण्यात मध? उकळत्या पाण्यात किंवा उकळत्या काढ्यात नाही. पेला गालाला लावता येईल इतकं कोमट झालं की घाला. मध आणि तूप एकत्र घ्यायचे तर वजनाने समभाग नको.

संत्रं आणि दूध? आंबट फळ आणि दूध हे विरुद्धान्न आहे. दोहोंत किमान दोन तास ठेवा. मग संत्रा बर्फीचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. तिच्यात ताजा रस नसतो, साखरेत आटवलेला गर असतो. आटवणं हा संस्कार आहे आणि संस्काराने गुण बदलतो. तरी ती जडच. तरुण, कष्टाच्या, अग्नी चांगला असलेल्या माणसाला थोड्या प्रमाणातलं विरुद्धान्न बाधत नाही, अशी सूट चरकाने दिली आहे. दिवाळीत रात्री जेवणावर चार वड्या खाणारा त्या सवलतीत बसत नाही.

तांब्याच्या लोट्यातलं पाणी? चालेल, रात्रभरचं. त्यात लिंबू पिळू नका, ताक ठेवू नका. आंबटाने तांबं उतरतं आणि मळमळ होते.

प्रश्न : ‘सात दिवसांत संपूर्ण पंचकर्म’ अशी जाहिरात पाहिली. सुट्टी आहे, मेमध्ये करून घेऊ का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : गणितच करू. विरेचन (औषधाने जुलाब करवणं) हे त्यातलं एकच कर्म घ्या. आधी पाचन, मग औषधी तूप वाढत्या मात्रेत तीन ते सात दिवस. तूप थांबल्यावर तीन दिवस मालीश आणि शेक, चौथ्या दिवशी विरेचन. त्यानंतर पेज, मऊ भात, मुगाचं कढण अशा क्रमाने नेहमीच्या जेवणावर यायला तीन ते सात दिवस, शुद्धी किती झाली त्यावर. कमीत कमी धरलं तरी दहा दिवस, साधारणपणे दोन आठवडे. मग सात दिवसांत पाचही कर्मं कशी बसतील? बहुधा ती मालीश, वाफ आणि डोक्यावर तेलाची धार असते. अंगाला छान वाटतं, पण त्याला शोधन (साठलेले दोष शरीराबाहेर काढणं) म्हणत नाहीत.

तूप पचलं की नाही हे न पाहता मात्रा वाढवली तर मळमळ आणि अजीर्ण होतं. विरेचनानंतर दुसऱ्याच दिवशी हॉटेलात जेवलं तर मंदावलेला अग्नी कोलमडतो. बिघाड होतो तो बहुतेक या दोन टप्प्यांवर, मधल्या जुलाबात नव्हे.

मेमध्ये तर नकोच. बळ कमी असताना शोधन करत नाहीत. वमनाचा (औषधाने उलटी करवण्याचा) काळ वसंत, बस्तीचा (औषधी एनिमाचा) वर्षा, विरेचनाचा शरद, म्हणजे आपल्याकडची ऑक्टोबरची उन्हं. आजारासाठी तातडीने लागलं तर वैद्य ठरवेल. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे आधी दाखवून घ्या. वैद्याची पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी विचारायला लाजू नका.

प्रश्न : रस्त्यावर तंबू ठोकलेल्या एकाकडून वडिलांनी साखरेची ‘मुळापासून बरी करणारी’ पुडी आणली. पंधरा दिवसांत साखर 260 वरून 110 वर आली. आता ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करू का? त्यांना अधूनमधून दरदरून घाम येतो, हात थरथरतात, पण ते ऊन असेल.
— एक वाचक, काटोल रोड

उत्तर : गोळ्या बंद करू नका. पुडी बंद करा, आजच. नुसत्या झाडपाल्याने पंधरवड्यात इतकी उतरण सहसा होत नाही. अशा पुड्यांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथिक गोळ्याच कुटून मिसळलेल्या आढळल्या आहेत, काहींत शिसं-पारा यांसारखे धातू. वडील तेच औषध दुहेरी घेत असावेत. घाम आणि थरथर ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं आहेत, आणि उन्हाळ्यात ती ‘ऊन लागलं’ म्हणून सहज दडपली जातात. तसं झालं की लगेच ग्लुकोमीटरवर पाहा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गुंगी असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. पुडी कधी, किती घेतली ते नेहमीच्या डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. गोळ्यांची मात्रा पुन्हा ठरवावी लागेल, ती तेच ठरवतील.

आयुर्वेदात मधुमेहावर औषधं नाहीत असं नाही. मेथी, कारलं, गुडमार साखर थोडी उतरवतात, म्हणूनच गोळ्यांसोबत ती आपल्या मनाने सुरू करायची नसतात. आणि दुकानातलं कोणतंही आयुर्वेदिक औषध घेताना वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत बघा. विषारी वर्गातलं द्रव्य असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापलेली असायला हवी. तंबूतल्या पुडीवर यातलं काहीच नसतं.

उरलेली पुडी मात्र फेकू नका. ज्या कागदात आली त्या कागदासकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, आणल्याची तारीख लिहून ठेवा. एक डॉक्टरांना दाखवायला, आणि दुसरं अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यायला.